युगांडात शिकवायला जाताना : वाचकांचे प्रश्न

युगांडातल्या खेड्यांमधल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या पुढाऱ्यांना दोन-तीन आठवडे पवित्र शास्त्र शिकवायला जाण्याबद्दल या खेपेला बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत, काही पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळीतले पाच जण युगांडात मसाकाजवळच्या एका मंडळीच्या आमंत्रणावरून जाणार आहेत. ३० पुढारी, १० दिवस. उत्पत्ती ते प्रकटीकरण अशी ओळख, संदेश कसा तयार करावा, संडे स्कूल आणि मंडळीचा कारभार असे चार विषय आखले आहेत. वेळ पुरेल ना? — अहिल्यानगर

नाही. यातला एक विषय पुरेल, तोही अर्धा.

हिशेब करून बघा. पहिला दिवस लोक जमण्यात जातो, कारण लांबचे पुढारी दुपारपर्यंत पोचत नाहीत. शेवटचा दिवस प्रमाणपत्रं, भाषणं आणि फोटोंचा. शनिवारी कुणाच्या तरी गावात लग्न किंवा माती असते आणि ती उरकणारे हेच पुढारी असतात. रविवारी प्रत्येकाला आपापल्या मंडळीत उभं राहायचं असतं. उरले सहा दिवस. दिवसाला तासाचे चार वर्ग धरले तर २४ तास. दुभाषी घेतला की तुमचं बोलणं निम्म्यावर येतं, राहिले १२. त्यातला निदान अर्धा वेळ त्यांनी बोलायला हवा. म्हणजे तुमच्या वाट्याला सहा तास येतात. सहा तासांत ६६ पुस्तकं मांडणारा शिक्षक फक्त स्वतःचं समाधान करून घेतो.

समोर कोण बसणार आहे तेही आधी विचारा. अँग्लिकन मंडळीत दीक्षित पाळक एक आणि त्याच्याखाली अनेक खेडी अशी रचना असते. खेड्यातली उपासना ले रीडर, म्हणजे पाळकपदाची दीक्षा नसलेला सभासद, चालवतो. कॅथलिकांत हे काम कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षक, करतो. पेंटेकॉस्टल पाळकाने अनेकदा कुठलंच औपचारिक शिक्षण घेतलेलं नसतं, पण तो रोज बोलतो आणि त्याला शास्त्रातली वचनं तोंडपाठ असतात. एकाच बाकावर प्राथमिक शाळा सोडलेला आणि डिप्लोमा झालेला असे दोघे शेजारी असतात. म्हणून वाचण्यापेक्षा ऐकणं, सांगणं आणि पुन्हा सांगणं यावर वर्ग बेता.

आमचा सल्ला : मार्ककृत शुभवर्तमान घ्या आणि तेही सगळं नको. सहा दिवसांसाठी अध्याय १, २, ४, ५, आठव्याचा उत्तरार्ध आणि शेवटी १५-१६. पहिल्या तासात उतारा लुगांडात दोनदा मोठ्याने वाचायचा, मग पुस्तकं मिटून एकाने तो गोष्टीसारखा सांगायचा, काय सुटलं ते बाकीच्यांनी सांगायचं. दुसऱ्या तासात तुमचे प्रश्न : इथे कोण काय करतो, कोण घाबरतो, येशू कुणाला उत्तर देत नाही. तिसऱ्या तासात पाच-पाच जणांचे गट करून दहा मिनिटांचा धडा बसवायचा. चौथ्यात दोन गटांनी तो वर्गासमोर शिकवायचा. चौथ्या तासाला तुम्ही मागच्या बाकावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. हा तास बहुतेक पाहुण्या शिक्षकांना सर्वांत जड जातो, म्हणून तोच आधी रद्द होतो. वास्तविक रद्द करायचाच झाला तर दुसरा करावा.

चौथ्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दृष्टांत सांगताना शेतीचं वर्णन करायला जाऊ नका. समोरच्या तीसही जणांची शेती आहे. जमीन, तण आणि पक्षी यांबद्दल त्यांनाच बोलू द्या.

प्रोजेक्टर नेऊ नका. वीज जाते, जनरेटरचा आवाज दुभाष्याला बुडवतो आणि दिवसाच्या उजेडात पत्र्याच्या शेडमध्ये पडद्यावर काही दिसत नाही. फळा, खडू, जाड कागदाचे मोठे तक्ते आणि काळे मार्कर पुरतात. फळ्यावर भरपूर लिहिलंत तर तीस जण ते वहीत उतरवण्यात अर्धा तास घालवतात आणि तेवढा वेळ वर्ग बंद पडतो. त्यापेक्षा प्रत्येक धड्याचं एकच पान आधी लुगांडात करून घ्या आणि तिथेच छापून घ्या.

तारखांचंही बघा. दक्षिण युगांडात पाऊस साधारण मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर असा दोनदा येतो, उत्तरेला एप्रिल ते ऑक्टोबर एकच लांब मोसम असतो. पेरणीच्या आठवड्यात वर्ग लावला तर फक्त शेत नसलेले येतील. शाळेची इमारत हवी असेल तर सुट्टी बघावी लागते, जानेवारी बरा. ३ जून हा हुतात्म्यांचा दिवस. १८८५ ते १८८७ या काळात मारल्या गेलेल्या कॅथलिक आणि अँग्लिकन तरुणांच्या स्मरणार्थ त्या दिवशी नमुगोंगोला प्रचंड यात्रा भरते, लोक आठवडा-आठवडा आधी पायी निघतात. त्या सुमाराला वर्ग ठेवू नका. तुम्हीच यात्रेला जा.

प्रश्न : युगांडाची राजभाषा इंग्रजी आहे, तर दुभाषी कशाला? आणि आमच्यापैकी दोघांना मराठीतच नीट शिकवता येतं. — मिरज

राजभाषा इंग्रजी असली तरी ती शाळेत शिकायची भाषा आहे, प्रार्थनेची नाही. कंपाला-मसाका भागात लुगांडा चालते, गुलूकडे अचोली, सोरोटीकडे अटेसो, म्बरारा भागात रुन्यानकोरे. ‘युगांडात लुगांडा बोलतात’ एवढ्या माहितीवर छापलेले कागद उत्तरेला रद्दी होतात.

मराठीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून लुगांडा अशी दुहेरी साखळी चालत नाही. एका वाक्याला तिप्पट वेळ लागतो आणि दुसऱ्या टप्प्यावर अर्थ भलतीकडे जातो. त्या दोघांनी वर्ग घेऊ नयेत. गटांत बसावं, प्रार्थनेत असावं, टाळ घेऊन मराठी भजन म्हणावं. तिथल्या उपासनेत गाण्याला जेवढा वेळ मिळतो तेवढा आपल्याकडे संदेशालाही मिळत नाही.

दुभाषी दोन घ्या, एकाचा घसा दुपारपर्यंत बसतो. शक्यतो पाळकाला दुभाषी करू नका : तो तुमचं वाक्य सुधारून स्वतःचा संदेश देतो आणि खाली कुणाची त्याला टोकायची छाती नसते. गावातली शिक्षिका सर्वांत चांगली. धड्याचं पान तिला आदल्या संध्याकाळी द्या. बोलताना वाक्य पूर्ण करूनच थांबा. अर्ध्यावर थांबलात तर तिला क्रियापद कुठे जाणार ते कळत नाही. विनोद, म्हणी, क्रिकेट वगळा. वर्गात इंग्रजी येणारा एक जण शोधून ठेवा आणि दर तासाला त्याला विचारा, ‘मी काय म्हणालो?’ शास्त्राचं वचन मात्र दुभाष्याकडून कधीच भाषांतरित करून घेऊ नका, ते लुगांडा बायबलमधून वाचून घ्या. संपूर्ण लुगांडा बायबल १८९६ पासून आहे आणि लोकांना त्यातले शब्द पाठ आहेत.

वेळेबद्दल एक. लुगांडात तास सकाळी सहापासून मोजतात. सात वाजले की पहिला तास, नऊ वाजता तिसरा. दुभाषीने वर्गाला ‘तिसऱ्या तासाला या’ सांगितलं आणि तुम्ही तीन वाजताची तयारी करत बसलात असं होऊ शकतं. फळ्यावर आकड्यात लिहा आणि पुढे ‘सकाळ’ लिहा. मार्क १५:२५ मधला ‘तिसरा तास’ मात्र त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्न : कोणत्या लसी आणि गोळ्या लागतात? मलेरिया तर आपल्याकडेही आहे, एवढं घाबरायचं काय? — ठाणे

आधी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. तिच्याशिवाय युगांडात प्रवेश नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे परत येताना भारतातही नाही. पीतज्वराच्या देशातून आलेल्या आणि वैध प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला आपलं विमानतळ आरोग्य खातं सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतं. ही लस केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रांवरच घ्यायची. शेजारच्या दवाखान्याचं पत्र चालत नाही. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून वैध होतं आणि २०१६ पासूनच्या नियमानुसार आयुष्यभर चालतं. केंद्रांवर ठरावीक वार असतात, कधी साठा संपलेला असतो, म्हणून दीड महिना आधी लागा. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, गर्भारपण किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. संघात साठीचे पाळक असतातच. तिकीट काढण्यापूर्वी त्यांची ही गोष्ट निकालात काढा. प्रमाणपत्रावरचा पासपोर्ट क्रमांक तिथल्या तिथे तपासा.

आता मलेरिया. आपल्याकडे त्याच्या दोन्ही मुख्य जाती आढळतात, तिथे बहुतांश फाल्सिपॅरम असतो, म्हणजे मेंदूवर आणि मूत्रपिंडावर जाणारा. लहानपणी मलेरिया होऊन गेला म्हणून तुम्हाला संरक्षण नाही. प्रतिबंधक गोळ्यांचे तीन प्रकार आहेत आणि त्यांचं वेळापत्रक वेगवेगळं आहे. डॉक्सिसायक्लिन रोज, निघण्यापूर्वी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर चार आठवडे. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, परतल्यावर सात दिवस. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे सुरू करून परतल्यावर चार आठवडे. फिट किंवा मानसिक आजार होऊन गेला असेल तर ती नको. कुठली घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांनी ती जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिका भाजते. ऊनही जास्त लागतं.

चूक बहुतेक घरी आल्यावर होते. चार आठवड्यांच्या गोळ्या आठव्या दिवशी बंद होतात. परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि ‘मी युगांडाहून आलो आहे’ हे पहिलं वाक्य सांगा. नाहीतर डेंग्यू, व्हायरल करत दोन दिवस जातात, आणि फाल्सिपॅरमला दोन दिवस पुष्कळ झाले.

तिसरी गोष्ट कुणी विचारलेली नाही : सरोवरातला बाप्तिस्मा. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या लव्हाळ्यात शिस्टोसोमाचे जंतू वाढवणाऱ्या गोगलगायी असतात. पाण्यात सुटलेल्या अळ्या काही मिनिटांत कातडीतून आत शिरतात, मग आतडं आणि यकृत. पाहुणा म्हणून तुम्हाला कमरेएवढ्या पाण्यात उभं करून वीस जणांचा बाप्तिस्मा द्यायला सांगतील. नम्रपणे नाही म्हणा आणि टाकी सुचवा. टाकीत पाणी दोन दिवस भरून ठेवलं, गोगलगाय आत आली नाही, की त्यातल्या अळ्या मरतात. पाण्यात उतरलाच असाल तर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करून घ्या. प्राझिक्वांटेलने हा आजार बरा होतो. आणि बाप्तिस्मा तसाही तिथल्या पाळकानेच द्यावा. नोंदवहीत त्याची सही राहते, तुम्ही पंधरा दिवसांत निघून जाता.

प्रश्न : व्हिसा कोणता काढावा? मंडळीच्या खात्यातून तिकडे पैसे पाठवता येतात का? — पुणे

व्हिसा युगांडा सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतो. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं जादा शुल्क घेतात, पत्ता सरकारीच आहे ना ते बघा. पासपोर्ट निदान सहा महिने वैध हवा, पीतज्वराचं प्रमाणपत्र अर्जालाच जोडावं लागतं. तीन आठवडे आधी अर्ज करा. केनिया आणि रवांडाही करायचा असेल तर तिन्ही देशांचा एकत्र पर्यटक व्हिसा आहे, पण तो ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडून घ्यायचा.

‘पर्यटक’ म्हणून जाऊन शिकवावं का, हा खरा प्रश्न. आमंत्रण देणाऱ्या मंडळीने किंवा बिशपांच्या कार्यालयाने इमिग्रेशनला लेखी विचारावं आणि त्यांनी सांगितलेला प्रकार निवडावा. निमंत्रणपत्रावर नोंदणी क्रमांक, तारखा, जागा, कामाचं स्वरूप आणि खर्च कोण करणार एवढं हवं. विमानतळावर अधिकाऱ्याने कामाबद्दल विचारलं तर पत्रात आहे तेच सांगा. ‘फिरायला आलोय’ म्हणायचं आणि पिशवीत तीस प्रमाणपत्रं, हे करू नका.

पैशाचं कलम जरा कडू आहे. आपल्या मंडळ्या बहुतेक सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या असतात. धर्मादाय न्यासाला आयकरातली सूट भारतात खर्च केलेल्या उत्पन्नावर मिळते. ते भारताबाहेर खर्च करायचं तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश लागतो. रविवारच्या दानातून काढून थेट तिकडे पाठवलं तर सूट धोक्यात येते आणि हिशेब तपासताना विश्वस्त अडकतात. सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय हे करू नका. जाणाऱ्या सभासदांनी आपापल्या खात्यातून, बँकेमार्फत, एलआरएस योजनेखाली (व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना) पाठवणं सरळ पडतं. तिथे माणशी वर्षाची मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, तुम्ही तिच्या जवळही जाणार नाही. बरोबर रोख परकी चलन ३,००० डॉलरपर्यंत नेता येतं. नोटा नव्या मालिकेच्या, कोऱ्या, शाईचा डाग नसलेल्या घ्या. फाटकी नोट तिथे कुणी घेत नाही, आणि ५० आणि १०० च्या नोटांना लहान नोटांपेक्षा चांगला भाव मिळतो. गावात सगळे व्यवहार मोबाइल मनीवर चालतात. तिथलं एअरटेल किंवा एमटीएनचं सिम पासपोर्ट दाखवून घ्या.

प्रश्न : यजमान मंडळी तीस जणांचं जेवण आणि प्रवासखर्च मागते आहे. शिकायला येणाऱ्यांना पैसे कशाला द्यायचे? आमच्याकडे कुणी देत नाही. — जालना

प्रवासखर्च द्या, हजेरीभत्ता देऊ नका. दोन्ही एकत्र मिसळल्यामुळे भांडणं होतात.

पूर्व आफ्रिकेत अनेक वर्षं मोठ्या संस्थांनी कार्यशाळांना बसायचे पैसे दिले. त्यामुळे ‘पाहुणे आले म्हणजे पाकीट’ ही अपेक्षा तयार झाली आहे. त्यात लोकांचा लोभ शोधू नका. भत्ता दिला तर पुढाऱ्याऐवजी त्याचा भाचा येतो आणि पुढच्या वर्षी भत्ता नसला की वर्ग रिकामा राहतो. उलट प्रवासखर्चही नाकारलात तर सर्वांत गरीब पुढारी गळतो, आणि वर्ग तर त्याच्यासाठीच आहे. मधला मार्ग : टॅक्सीचं किंवा बोडाबोडाचं खरं भाडं, गावनिहाय यादी यजमान समितीने आधी करायची, पैसे शेवटच्या दिवशी समितीच्या खजिनदाराने सही घेऊन वाटायचे. तुमच्या हाताने कुणालाही नोट जाऊ नये. बोडाबोडा म्हणजे मोटारसायकल टॅक्सी. त्यातल्या बहुसंख्य गाड्या पुण्याच्या बजाजच्या बॉक्सर आहेत, हे बघून बरं वाटेल, पण हेल्मेटशिवाय बसू नका आणि हमरस्त्यावर रात्रीचा प्रवास अजिबात नको.

जेवणाचा अंदाज असा. तीस विद्यार्थी, पाच तुम्ही, स्वयंपाकी आणि दुभाषी धरून चाळीस पानं. दोन वेळा पोशो केला, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तर दिवसाला १६ किलो पीठ. बरोबर बीन्स ८ किलो. ही राजम्याचीच जात आहे, रात्री भिजवल्या नाहीत तर दुपारचं जेवण चारला होतं आणि दुपारचे वर्ग बुडतात. एका वेळेला मटोके, म्हणजे केळीच्या पानात वाफवून कुस्करलेली कच्ची केळी, केली तर पीठ निम्मं. शेंगदाण्याची आमटी आणि डोडो नावाची पालेभाजी मिळते, ती आपल्या माठाच्या कुळातली. शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. चहासाठी साखर रोज दोन किलो. खरेदी गावच्या बायकांना करू द्या : तुम्ही बाजारात उभे राहिलात की भाव चढतो.

प्रश्न : एका माणसाच्या दोन बायका आहेत आणि त्याला बाप्तिस्मा हवा आहे, असं विचारलं तर कॅटेकिस्टांना काय उत्तर द्यायचं? — वसई

तुम्ही उत्तर द्यायचं नाही. हा प्रश्न येणारच, बहुधा दुसऱ्या दिवशी, आणि विचारणाऱ्याच्या मनात गावातलं एक ठरावीक घर असतं. तुम्ही जे बोलाल ते त्या घराचा निकाल म्हणून संध्याकाळी गावभर होईल.

पण माहिती हवी. तुमच्या कॅथलिक वर्गात कायदा स्पष्ट आहे : बाप्तिस्मा न झालेल्या अनेक पत्नी असलेल्या पुरुषाने बाप्तिस्मा घेताना एकीबरोबरच राहायचं, पहिलीबरोबर राहणं जड असेल तर दुसऱ्या एकीला ठेवता येतं. हे चर्च कायद्याचं कलम ११४८. त्याच कलमात सोडलेल्या स्त्रियांच्या चरितार्थाची सोय पाहण्याची जबाबदारी स्थानिक धर्माध्यक्षांवर टाकली आहे, आणि तो भाग शिकवताना हमखास गाळला जातो. अँग्लिकनांत १८८८ च्या लँबेथ परिषदेने, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेने, अशा पुरुषाला बाप्तिस्मा नाकारला होता. १९८८ च्या परिषदेने दार उघडलं : त्याने आणखी लग्न करायचं नाही, स्थानिक मंडळीची संमती हवी, आणि बायकांना टाकून देण्याची सक्ती करायची नाही, कारण हाल त्यांचेच होतात. शंभर वर्षांत हा बदल आफ्रिकेतल्या अनुभवामुळे झाला. प्रत्यक्षात काय करायचं ते प्रत्येक प्रांत ठरवतो. म्हणून ‘तुमच्या बिशपांनी काय सांगितलं आहे?’ हा उलट प्रश्न करा आणि गप्प बसा.

चेटूक, पूर्वजांचे विधी, वधूमूल्य यांबाबतही हेच. समृद्धीच्या सुवार्तेबद्दल मात्र, ‘अमुक दान द्या, तमुक पट मिळेल’ या शिकवणीबद्दल, वर्गात मोकळेपणाने बोलता येतं, कारण ती तुमच्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही.

प्रश्न : जुने कपडे, लॅपटॉप, मराठी मंडळीने छापलेली इंग्रजी पुस्तकं न्यावीत का? — कोल्हापूर

कपडे नकोत, जुन्या कपड्यांचे गठ्ठे तिथल्या बाजारात ढिगाने येतात. लॅपटॉप एकालाच मिळतो, म्हणजे एकोणतीस जण नाराज. पुस्तकांचं वजन विमानात महाग पडतं आणि ती वाचणारे दोघे-तिघे. लुगांडा बायबल कंपालातल्या बायबल सोसायटी ऑफ युगांडाकडून विकत घ्या आणि फुकट न वाटता यजमान मंडळीला निम्म्या किमतीत विकू द्या. बॅगेत टॉर्च, मच्छरदाणी, चौकोनी तीन पिनांचा प्लग ॲडॉप्टर, पातळ स्वेटर असू द्या. कंपाला सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे, सकाळी गारठा असतो. नैरोबीमार्गे जाणार असाल तर प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, केनियात २०१७ पासून त्यांवर बंदी आहे.

प्रश्न : आमच्या सुना-मुलींनी काय कपडे घालावेत? आणि भारतीयांबद्दल तिथे राग आहे असं ऐकलं. — ठाणे

सलवार-कमीज उत्तम, गुडघ्याखाली जाणारा स्कर्टही चालतो. खेड्यातल्या उपासनेत स्त्रियांनी पँट घालणं अनेकांना खटकतं. मोठ्या माणसाला ‘सेबो’, बाईमाणसाला ‘न्याबो’ म्हणा, आणि खुशाली विचारल्याशिवाय कामाला हात घालू नका. बुगांडात, म्हणजे कंपाला-मसाका भागात, बायका गुडघे टेकून नमस्कार करतात. तुम्ही तसं करायची गरज नाही, पण हसू नका.

रागाबद्दल : १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावलं. पुढे बरेच परतले, साखर कारखाने आणि दुकानं पुन्हा उभी राहिली. त्यामुळे ‘मुहिंदी’ (भारतीय माणूस) म्हटलं की दुकानाचा मालक हेच चित्र डोळ्यांपुढे येतं; शिकवायला आलेला, त्यांच्याबरोबर पोशो खाणारा मुहिंदी ही नवलाची गोष्ट असते. ते बिघडतं ते आपल्याच तोंडाने. रंगावरून, केसांवरून मराठीत आपसांत केलेली शेरेबाजी शब्द न कळताही कळते. पुण्यात शिकणारे आफ्रिकी विद्यार्थी पुष्कळ आहेत. निघण्यापूर्वी त्यांच्यातल्या दोघांना जेवायला बोलवा आणि आपल्या शहरात त्यांना काय ऐकावं लागतं ते विचारा.

प्रश्न : नाशिकच्या शरणपूरचा आणि आफ्रिकेतल्या मिशनचा संबंध होता म्हणतात. खरं का? — नाशिक

खरं आहे आणि आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जात. त्यातली बरीच चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या आश्रमात वाढली. तिथे शास्त्राबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकली. डेव्हिड लिव्हिंग्स्टनने शेवटच्या सफरीसाठी यातलेच तरुण घेतले. पुढे त्याच्या मदतीला गेलेल्या तुकडीत शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता. लिव्हिंग्स्टनचं शव त्याने इंग्लंडपर्यंत पोचवलं आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेत पेटीला खांदा दिला. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्येच मोंबासाजवळ रबाईला शिकवायला गेले. १८७५ मध्ये मोंबासाला मुक्त गुलामांची वसाहत झाली, तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्यावरून फ्रीरटाऊन नाव पडलं आणि ती उभारायला शरणपूरचेच पाळक विल्यम प्राइस गेले. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन बुसोगात, म्हणजे आजच्या युगांडात, मारले गेले, तेव्हा मागे राहिलेला काफिला जोन्सनेच परत आणला.

या ‘बाँबे आफ्रिकनां’चे युरोपीय मिशनऱ्यांशी मानपानावरून खटके उडत, कारण शिक्षण सारखं असूनही त्यांना बरोबरीची जागा मिळत नव्हती. तुमच्या संघाने तिथल्या शिक्षकांच्या नावाआधी स्वतःची नावं फलकावर लिहिण्यापूर्वी हे वाचलेलं बरं.

प्रश्न : परत आल्यावर काय करायचं? गेल्या खेपेला काहीच पुढे झालं नाही. — अहिल्यानगर

कुणालाही वचन देऊन येऊ नका : शाळेची फी, भारतातला उपचार, विहीर. निरोपाच्या जेवणात हे विषय निघतातच. ‘समितीला लिहा’ एवढंच म्हणा.

वर्गातले दोन जण, शिकवायला जमणारे, शेवटच्या आठवड्यात यजमान पाळकाच्या संमतीने निवडा. महिन्याभरात त्यांनी आपापल्या भागात पाच-सहा जणांना तेच सहा धडे द्यायचे, आणि त्यांचा चहा-प्रवास समितीने द्यायचा. तुम्ही महिन्यातून एकदा व्हॉट्सॲपवर त्यांच्याशी बोला. इंटरनेट महाग पडतं, व्हिडिओ नको, आवाजी निरोप पुरतो. किती जण आले हे विचारू नका, कुठल्या उताऱ्यावर वर्ग अडला ते विचारा; पुढच्या वर्षीचा विषय त्यातून मिळतो. लहान मुलांचे फोटो मंडळीच्या फलकावर किंवा फेसबुकवर टाकू नका, पालकांची परवानगी घेतलेली नसते. खर्चाचा हिशेब शिलिंग आणि रुपये अशा दोन रकान्यांत, पावत्यांसह, महिन्याच्या आत यजमान समितीलाही पाठवा. त्यांच्याकडून हिशेब मागणारे बरेच भेटतात, त्यांना हिशेब देणारे कमी.